बिनरंगाची होडी

आपल्यावर चित्रपट निघावा असं प्रत्येक माणसाला वाटतं. फक्त त्यात आपण आहोत तसे दिसू नये, एवढीच त्याची माफक अट असते. रत्नागिरीच्या नेत्राला ही अट ठाऊक नव्हती.

मुंबईतली नोकरी सोडून ती घरी आली आणि उकडलेला पेंढा नि केळीची सोपटं आईच्या मिक्सरमध्ये वाटून कागद करू लागली. (आईने, म्हणजे मथुराबाईंनी, निषेध नोंदवला. चटणीला पेंढ्याचा वास बरेच दिवस होता.) त्या कागदाची माणसं कापायची, केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. असे फोटो भराभर पळवले की कागदी माणूस चालू लागतो.

विषय घरचाच होता: बाबा भागोजी आणि त्यांचा धाकटा भाऊ, विठूकाका. दोघांचं अंगण एक, होडी एक. पण होडीला निळा रंग द्यायचा की हिरवा, यावरून नेत्रा शाळेत असतानाच दोघांचं बोलणं बंद झालं. होडी पुढे विकली गेली. अबोला मात्र उत्तम स्थितीत राहिला.

कागदी विठूकाकांना चार पावलं टाकायला अख्खी दुपार लागे. अशाच एका दुपारी नेत्राच्या लक्षात आलं, की काकांचा डावा खांदा बाबांसारखाच उतरता आहे. हे बाबांना सांगावंसं तिला फार वाटलं. तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून तर चित्रपट.

बातमी फुटली आणि नातलगांचं देखरेख मंडळ स्थापन झालं. (अशा मंडळाला निवडणूक लागत नाही, चहा लागतो.) मालनआत्याने आपली आकृती उचलून डोळ्यांजवळ धरली.

"काय गो, मी एवढी जाडी?"

"आत्या, कागदच जाड आहे."

"मग पातळ कर. नायतर मला काढ."

आत्याला काढलं. आत्या नाही तर तिचे यजमान कशाला, म्हणून तेही गेले. शेजाऱ्यांचा कुत्रा मालकाच्या संमतीअभावी वगळण्यात आला. शेवटी, घरची अब्रू वेशीवर नको, या सर्वमान्य कारणास्तव भांडण काढण्यात आलं. आणि भांडणच नाही म्हटल्यावर दोघे भाऊ बिनकामाचे ठरले. समुद्र उरला, त्यावर एक होडी. वाद नको म्हणून तिलाही रंग नाही, पेंढ्याचा होता तोच. मंडळाने एकमताने मंजुरी दिली.

पडवीत चादर टांगून खेळ झाला. नेत्रा मागे तोंड पाडून उभी होती. होडी डुलत आली, डुलत गेली. टाळ्या पडल्या. आणि चादरीकडेच बघत भागोजी म्हणाले, "निळी बरी दिसली असती."

पडवीच्या दुसऱ्या टोकाहून विठूकाकांचा आवाज आला.

"निळ्या पाण्यात निळी होडी दिसेल काय रे, दादा?"

"मग हिरवी माडात दिसते काय?"

"होडी माडात कशाला मरायला जाईल?"

मथुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंडळाने मध्यस्थी सुरू केली; ती दोघा भावांनी एकमताने फेटाळली.

सध्या दोघे रोज नेत्राच्या टेबलाशी कात्र्या घेऊन बसतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. काम पुढे सरकत नाही. नेत्राची त्याबद्दल काही तक्रार नाही.

एवढं वाचताना तुम्हालाही आपल्या नात्यातला असा एखादा हट्टी माणूस आठवला असेलच. (हे त्याच्या हाती पडलं, तर त्याला तुम्ही आठवाल.)