रावजींच्या विहिरीतलं क्लोराइड

लवूची इंटर सायन्सची परीक्षा संपली आणि रत्नागिरीत त्याच्यासाठी शिकण्यासारखं काही उरलं नाही. हे त्याचं स्वतःचं मत नव्हे. तो ज्या लहानशा कॉलेजात होता, तिथले विज्ञानाचे वर्गच इंटरपर्यंत होते. पुढची बी. एस्सी. मुंबईत. तिथल्या कॉलेजाला अर्जासोबत सद्वर्तनाचा दाखला हवा होता, त्यावर गावातल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या हव्या होत्या, आणि हे सगळं पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत उरकायला हवं होतं.

लवू मूळचा बुरोंडीचा, रत्नागिरीत मावशीकडे, यमुनाबाईंकडे, राहून शिकलेला. रत्नागिरीत त्याला ओळखणारे प्रतिष्ठित गृहस्थ एकच, मावशीचे शेजारी रावजी. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघालेले. सगळी आळी पिण्याचं पाणी त्यांच्याच विहिरीवर भरायची. रावजींनी सही केली की दुसरी मिळवायला त्रास नव्हता. त्यांनी सोमवारी यायला सांगितलं होतं.

रविवारी दुपारी लवूला मावशीला शास्त्र दाखवायची हुक्की आली. शेवटच्या प्रॅक्टिकलला त्याच्या खिशातून सिल्व्हर नायट्रेटची एक छोटी बाटली घरी आली होती. चोरली, असं तो म्हणत नसे. परत करायची राहिली होती.

"मावशे, दोन वर्षं काय शिकलो ते विचारत होतीस ना? हे बघ." त्यानं पेल्यातल्या पाण्यात चार थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"मेल्या, ह्या काय झाला?" यमुनाबाई मागे सरकल्या.

"क्लोराइड."

"कुठना आला ता?"

"पाण्यातच होतं. विहिरीतल्या."

तो 'मीठ' म्हणाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण दोन वर्षं शिकून मीठ म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. यमुनाबाईंनी "फेक ती बाटली!" म्हणत झटापट केली, त्यात थोडं औषध त्यांच्या बोटांवर सांडलं आणि सकाळपर्यंत बोटं काळीठिक्कर पडली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, तरी रंग जाईना.

विहिरीवर आळीतल्या सगुणाबाईंनी विचारलंच, "बोटांक काय झाला गो?"

"क्लोराइड. विहिरीत हाय, आमचा लवू म्हणतो."

सगुणाबाईंनी भरलेली कळशी तिथेच उपडी केली. दहा वाजता लवू दाखला घेऊन रावजींकडे निघाला, तेव्हा विहिरीवर चिटपाखरू नव्हतं.

"या, शास्त्रज्ञ," रावजी म्हणाले. "माझ्या विहिरीत विष आहे म्हणे."

"नाही हो काका! ते नुसतं मीठ आहे. समुद्रकाठच्या विहिरीत थोडं असतंच."

"मग मीठ म्हणायला काय झालं होतं?"

लवूनं दाखला पुढे केला.

"गुरुवारी आमच्या दमयंतीचं लग्न. सावर्ड्याहून दीडशे माणूस येणार. आणि आळीतल्या बायका म्हणतात, आम्ही अक्षता टाकू, पण घोटभर पाणी घेणार नाही. आधी माझ्या विहिरीची अब्रू परत आणा. मग तुमच्या वर्तनाचं बघू."

लवूनं रात्रीपर्यंत विचार केला, आणि तो पूर्णपणे शास्त्रीय होता. दुसऱ्या दिवशी त्यानं रावजींची धरून आसपासच्या पाच विहिरींचं पाणी पाच पेल्यांत आणवलं आणि सगळ्या आळीसमोर रावजींच्या अंगणात थेंब टाकले. पाचही पेले पांढरे झाले. सहाव्या पेल्यात त्यानं चहाच्या किटलीची वाफ थंड करून जमवलेलं पाणी होतं. ते स्वच्छ राहिलं. तिथे बाटलीही संपली.

"बघा!" लवू विजयानं म्हणाला. "एकट्या रावजीकाकांच्या नाही, सगळ्यांच्याच विहिरीत आहे!"



"म्हणजे आमच्यापण?" सगुणाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत पाच विहिरी ओस पडल्या. बायका हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जाऊ लागल्या आणि जाताना लवूच्या दाराकडे बघून काहीतरी पुटपुटू लागल्या. रावजींनी मात्र सहावा पेला नीट लक्षात ठेवला होता.

"ते किटलीचं पाणी," ते म्हणाले, "लग्नात निदान व्याह्यांच्या पंगतीला पुरेल एवढं करा."

मग लवू किटलीपाशी बसला. किटलीच्या तोटीला बांबूची नळी, नळीवर ओलं फडकं, खाली हंडा. यमुनाबाई चुलीत फुंकर घालत होत्या. गुरुवारी सकाळी हंडा जेमतेम गळ्यापर्यंत भरला.

मुलाचे वडील सावर्ड्याचे नावाजलेले व्यापारी. पहिला घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, मग कसाबसा गिळला.

"रावजी, ह्या पाण्याक झाला तरी काय? चवच नाय!"

"क्लोराइड काढलाय त्यातला," यमुनाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"तो कशाक काढलात? आमचाच लगीन गावला काढूक? घरात विहीर हाय ना?"

रावजींनी स्वतः पोहरा ओढला. व्याह्यांनी तांब्याभर पाणी एका दमात घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हां! ह्याक म्हणायचा पाणी!"

त्या दिवशी आळीनं नवरानवरीकडे फारसं बघितलं नाही. सगळे व्याह्यांकडे बघत होते. व्याह्यांनी दोनदा भात मागून घेतला, दुपारी घोरले, संध्याकाळी बैलगाडीत चढताना कुणाचाही आधार घेतला नाही. शुक्रवारी पहाटे विहिरीवर रांग लागली.

लवू मान खाली घालून दाखला घेऊन गेला. रावजींनी एक अक्षर न वाचता सही ठोकली.

"बोट कधी सुटते तुमची?"

"रविवारी."

"शनिवारी नाही एखादी?" मग त्यांनी सहीवर फुंकर घातली. "हा कागद इथेच ठेवा. दुसऱ्या सहीचं मी बघतो."

कागद संध्याकाळी परत आला तेव्हा त्यावर सतरा सह्या होत्या. जागा न पुरल्यामुळे काही मागच्या बाजूला होत्या. सगुणाबाईंच्या नवऱ्यानं सहीखाली 'त्वरित प्रवेश मिळावा' असंही लिहिलं होतं.

शनिवारी लवू निरोप घ्यायला आपल्या प्रोफेसरांकडे गेला. त्यांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा काढला.

"दोनच सह्या लागतात रे."

"हो सर."

"इतकी वर्षं मुलं मुंबईला पाठवतोय, पण असा दाखला पाहिला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "एवढी माया करणारी माणसं सोडून जाववेल तुला?"

"जावं लागेल, सर," लवू म्हणाला. "त्यांचाच फार आग्रह आहे."