चीज टोस्ट आणि चॅपलची किल्ली

हॉलिनशॉ गावात माझ्याइतका चांगला चीज टोस्ट कोणी करत नाही. त्र्याऐंशी वर्षांची झाले, आता विनय कोणासाठी राखू? ज्यांना हे ऐकून राग आला असता त्या सगळ्या चॅपलमागच्या दफनभूमीत झोपल्या आहेत, आणि जाईपर्यंत एकीलाही पाव धड भाजता आला नाही.

तर ऐका. पाव कालचा हवा. त्याची एकच बाजू भाजायची आणि चीज चढवायचं ते न भाजलेल्या बाजूवर. लोक दोन्ही बाजू भाजतात आणि मग खाताना टाळू सोलून घेतात. चीज आपल्या लँकेशायरचंच घ्यायचं, बोटांनी दाबलं की भुरभुरणारं. ते किसायचं, चकत्या घालायच्या नाहीत. त्यात चिमूटभर मोहरीची पूड आणि भिजलेल्या रव्याइतकं ओलं होईल एवढी गडद बिअर. पार कडेपर्यंत पसरायचं, नाहीतर कडांचा कोळसा होतो. आणि एकदा ग्रिलखाली ठेवलं की तिथून हलायचं नाही. दारावरची बेल वाजो, नवरा जिन्यावरून पडो.

बिअर मात्र हवीच. ती नसली की चीज तेल सोडतं आणि वर चामडं धरतं. अडचण एवढीच, की आम्ही मेथडिस्ट पंथाचे. दारूला शिवणार नाही अशी शपथ शाळकरी वयातच घेतलेली. माझ्या नवऱ्यानं, विल्फ्रेडनं, तर आपलं सही केलेलं शपथपत्र चौकट करून जिन्यात टांगलं होतं. पाहुणा आला की त्याचा कोट घ्यायच्या आधी त्याला ते दाखवायचा.

ही गोष्ट गावात नुकते टीव्ही आले तेव्हाची. चॅपलच्या स्वयंपाकघराची किल्ली ज्यांच्याकडे असे त्या मिस बॅम्बर बहिणीकडे राहायला गेल्या आणि किल्ली मोकळी झाली. आता तुम्ही म्हणाल, किल्ली ती काय? अहो, किल्ली जिच्याकडे तिच्या परवानगीशिवाय चॅपलमध्ये चमचा हलत नसे. लग्न कोणाचं, बारसं कोणाचं, कुठला केक पुढे मांडायचा आणि कुठला पडद्याआड ठेवायचा, सगळं तिच्या हातात. मला ती किल्ली हवी होती. माझा केक पाच वर्षं पडद्याआड होता.

किल्ली ऑलिव्ह ग्रिमशॉलाही हवी होती. निर्णय करायचा होता ट्रेलोर पाद्रीबुवांनी आणि चार कारभाऱ्यांनी. पाचही पुरुष, आणि पाचांपैकी एकालाही चॅपलचं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते माहीत नव्हतं. पाद्रीबुवांनी तोडगा काढला. गुरुवारच्या जेवणाला ग्रिमशॉबाईंनी चहा सांभाळायचा, मी चीज टोस्ट करायचे. जिचं काम उजवं, तिला किल्ली.

मी मनातल्या मनात किल्लीसाठी स्वयंपाकघरात खिळासुद्धा ठोकला.

गुरुवारी दुपारी डोक्याला रुमाल बांधून मी वीव्हर्स पबच्या मागच्या खिडकीशी गेले. पिशवीत आईची तपकिरी किटली. खिडकीत मालकीण होती.

"केसांना लावायला हवी होती," मी म्हणाले. "बिअरनं केस बसतात म्हणे."

"बसतात की," ती किटली भरता भरता म्हणाली. "चॅपलच्या सगळ्या बायकांचे केस हल्ली फार छान बसतात."

मी किटलीवर टीकोझी, म्हणजे चहा गरम राहावा म्हणून घालतात ती लोकरीची टोपी, चढवली आणि रस्त्यानं ताठ मानेनं चालत चॅपलला आले. टीकोझी घातलेली किटली घेऊन जाणाऱ्या बाईला आमच्याकडे पोलीससुद्धा वाट देतो.

स्वयंपाकघरात ऑलिव्ह पाण्याच्या मोठ्या टाकीवर वाकून उभी होती.

"अजून उकळलं नाही वाटतं, ग्रिमशॉबाई?" मी विचारलं.

"उकळेल हो. तुम्ही तुमचा पाव बघा, एन्टविसलबाई. मागच्या वेळी छपरावर कौलांच्या जागी लावायला उरला होता."

मी किटली खिडकीशी ठेवली आणि कामाला लागले. चीज किसलं, मोहरी घातली, पावाची एक बाजू भाजायला ग्रिलखाली सरकवली. पाठ वळवली ती तेवढीच. बाहेर पाद्रीबुवांची प्रार्थना संपली, चाळीस खुर्च्या सरकल्या. टाकी अजून गारच होती, आणि पाद्रीबुवा रिकाम्या कपासमोर बसले होते. आता मला सांगा, अशा वेळी टीकोझी घातलेली किटली दिसली तर लँकेशायरची बाई काय करेल? आत काय आहे म्हणून झाकण उघडून पाहील? आमच्यात ते दुसऱ्याच्या पाकिटात डोकावण्यासारखं आहे. ती किटली उचलेल आणि ओतेल.

मी बिअरसाठी हात मागे केला तो रिकाम्या खिडकीवर पडला.

दाराच्या फटीतून पाहिलं. ऑलिव्हनं कपात आधी दूध घातलं होतं, रीतीप्रमाणे. त्यावर ती माझी बिअर ओतत होती, आणि तिचं सगळं लक्ष पाद्रीबुवांच्या चेहऱ्याकडे. "साखर किती?" तिनं विचारलं.

"दोन," पाद्रीबुवा म्हणाले.

ओरडावं तर काय ओरडू? "थांबा, ती माझी बिअर आहे"? किल्ली राहिली बाजूला, मलाच कुलूप लागलं असतं.

पाद्रीबुवांनी घोट घेतला. चेहरा क्षणभर थिजला. आता खरी गंमत बघा. चहा वाईट आहे असं आमच्याकडे तोंडावर म्हणत नाहीत. गार चहा मिळाला तरी आभार मानून पितात. आणि ही बिअर आहे असं म्हणावं, तर जन्मात न चाखलेली गोष्ट तुम्ही ओळखली कशी? पाद्रीबुवांनी शेजारच्या कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्यानं छताकडे पाहिलं. आणि दोघांनी कप रिकामे केले.

"जरा... तरतरी आणणारा आहे," पाद्रीबुवा म्हणाले. "उरला आहे का थोडा?"

ऑलिव्ह फुलून गेली. तिनं सगळ्या कारभाऱ्यांना दिला. विल्फ्रेडनं त्यांच्या पाठीमागून कप पुढे केला. शेवटी तिनं स्वतः घोट घेतला, आणि तिचे डोळे बशीएवढे झाले. पण ओतला होता तिनंच. तिनंही तो सगळा प्यायला, आणि करंगळी वर धरूनच प्यायला.

हे पाहण्यात मी ग्रिलपासून हलले. जे कधी करू नये म्हणून तुम्हाला सांगितलं, तेच. पाव काळा पडला. दुसरा भाजला, बिअरच्या जागी दूध घातलं. चीजनं तेल सोडलं आणि वर चामडं धरलं. चाळीस माणसं न बोलता चावत बसली. कोणा म्हातारबाबांची कवळी टोस्टमध्येच राहिली.

"असा टोस्ट मी पूर्वी कधी खाल्ला नव्हता," पाद्रीबुवा मला म्हणाले. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

मग ते उभे राहिले. गाल लाल, आवाज नेहमीपेक्षा प्रेमळ. मद्यपानाच्या शापावर बोलायचं ठरलं होतं, ते म्हणाले की आज राहू द्या, आज सगळे आनंदात आहेत. आणि इतका चांगला चहा या चॅपलमध्ये आजवर झाला नाही, असं सांगून त्यांनी किल्ली ऑलिव्हच्या हातात ठेवली.

ऑलिव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी ऑलिव्हकडे पाहिलं. टीकोझी तिनं दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. पुढे कित्येक वर्षं ती गुरुवारी चहा द्यायची. पाद्रीबुवा पहिला घोट मोठ्या आशेनं घ्यायचे, आणि कप हळूच खाली ठेवायचे.

त्या दिवशी आम्ही दोघं घरी निघालो. विल्फ्रेड म्हणाला, "टोस्ट आज कोरडा झाला गं."

"होणारच. त्यातली बिअर तुमच्या पोटात गेली."

"हो का? वाटलंच मला." त्यानं टोपी सरळ केली. "वीव्हर्सवाले पुन्हा पाणी घालायला लागलेत. मागच्या मंगळवारी बरी होती."

जिन्यातली चौकट अजून तिथेच आहे. काढली तर भिंतीवर डाग दिसतो. तर तुम्ही चीज टोस्ट कराल तेव्हा बिअर घालाच, पण आणायला नवऱ्याला पाठवू नका. कपभर आणायला तो दोन तास लावतो, आणि आणतो अर्धाच कप.