लेथच्या मागची गाडी

"सुईपासून रेल्वेच्या चाकापर्यंत काहीही सांगा, घरच्या घरी बनवून देतो!"

गिरीज गावच्या आल्बर्टने रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे जाहीर केलं. पस्तीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काढलेली. आता टीव्हीचा रिमोट दाबायला त्याचे हात तयार होईनात. कारखाना जुनी यंत्रं काढत होता, त्यातली आपली लेथ त्याने मागून घेतली आणि घरच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटायचं ठरवलं. फेलिशियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एवढंच विचारलं, "आणि माझी गाडी?"

प्रश्न साधा नव्हता बरं का! गाडी खरोखर तिची होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती चिकाटीने ड्रायव्हिंग शिकली होती. रविवारी बोळिंजला तिच्या मोठ्या बहिणीकडे, रिटाकडे, तिच्या नातीची, जीनाची, फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाची पूजा, होती आणि फेलिशिया तिथे स्वतः गाडी चालवत जाणार होती. रिटा फोनवर हसली होती. "तू गाडी चालवणार? मग मी विमान चालवते!" ते हसणं फेलिशियाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

"गाडी मागे, लेथ पुढे. बाजूने आरामात निघेल गं," आल्बर्ट म्हणाला.

मंगळवारी हायड्रा क्रेन आली आणि लेथ दारातून आत, गाडीच्या पुढे, ठेवून गेली. मग आल्बर्ट दोन दिवस स्पिरिट लेव्हल, म्हणजे पातळी तपासायची नळी, घेऊन जमिनीवर पालथा! लेव्हलमधला बुडबुडा केसभर हलला तरी याचा जीव वरखाली. शेवटी बुडबुडा मधोमध आला, तसे त्याने बोल्ट सिमेंटमध्ये गच्च गाडले. शुक्रवारी फेलिशियाने सरावासाठी गाडी सुरू केली, हातभर पुढे आली आणि थांबली. वाट अर्धा फूट कमी पडत होती!

"जोआनाचे पप्पा, माप घेतलं होतंत ना?" लेकीच्या नावाने हाक मारत फेलिशियाने विचारलं.

"लेथचं घेतलं होतं की! शंभर टक्के बरोबर!"

"आणि गाडीचं?"

मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणाऱ्या या माणसाने गाडी नुसती डोळ्यांनी मापली होती.

"मग काढा ती पुढून!"

"काढू? अगं, लेव्हल जाईल!"

"लेव्हल? उद्या दुपारी भंगारवाल्याला बोलावते. तो तुकडे करून नेईल. लेव्हलमध्ये!"

फेलिशिया बोलली की करते. पण पस्तीस वर्षांच्या संसारात तिची एक गोष्ट आल्बर्टला पक्की ठाऊक होती. फादरांनी आशीर्वाद दिलेली वस्तू ती मेली तरी टाकत नाही. तुटलेल्या रोझरीच्या जपमाळा डब्यात जपलेल्या, आणि ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या बारा वर्षांच्या वाळक्या झावळ्या येशूच्या तसबिरीमागे. झुरळांनी घर केलं, पण झावळ्या हलल्या नाहीत!

शनिवारी सकाळी आल्बर्टच्या बोलावण्यावरून फादर गॉडफ्रे स्कूटरवरून हजर! त्यांनी प्रार्थना म्हटली, लेथवर पवित्र पाणी शिंपडलं. आल्बर्टने हात जोडले होते, पण एक डोळा बायकोवर होता.

"आता ही भंगारात कशी जाणार, फेली? पाप लागेल!"

फेलिशियाने क्रूसाची खूण केली. गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "फादर, पाणी मागच्या भिंतीवर पडलं का हो?"

"नाही, फक्त मशीनवर."

"नक्की?"

"नक्की, बाई."

फेलिशिया कुंपणाशी गेली. "काशीरामभाऊ! घन आहे का घरात? घेऊन या!"

मागच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काशीरामची केळीची वाडी होती. तो दगड फोडायचा घन खांद्यावर टाकून आला आणि फेलिशियाचा बेत ऐकून हसला. "वैनी, भिंत पाडाची? आनी गाडी माझ्या केलीतून?"

"दोनच झाडं जातील."

"जावं द्या! असा तमाशा कोनाच्या वाडीत होतो?"

"थांबा!" आल्बर्ट ओरडला. "फादर, भिंतीवरही थोडं शिंपडा ना!"

फादरांनी बाटली उलटी करून दाखवली. संपलं होतं!

संध्याकाळपर्यंत भिंतीला मोठं भगदाड पडलं. रविवारी आल्बर्टला शेजारी बसवून फेलिशिया रिव्हर्समध्ये त्यातून थेट केळीच्या वाडीत शिरली आणि तिथेच गाडी वळवली. दोनऐवजी पाच झाडं आडवी झाली, पण गाडी बोळिंजला पोचली. पुढच्या जाळीत अख्खं केळफूल अडकलं होतं. रिटा दारात आ वासून उभी.

"गाडी सजवून आणलीस?"

"मग काय!" फेलिशिया ऐटीत उतरली. गेले दोन महिने ती याच क्षणासाठी जगत होती!

जेवताना आल्बर्टलाही कंठ फुटला. लेथ, लेव्हल, बुडबुडा, सगळं रंगवून सांगितलं. रिटाचा मुलगा फ्लॉईड इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "भारी हां काका! थ्री फेज कधी घेतलं?"

"काय घेतलं?"

"थ्री फेज लाईन, कारखान्यातली जोराची वीज. लेथची मोटर घरच्या लायनीवर नाय चालनार."

आल्बर्टचा घास हातातच राहिला. पस्तीस वर्षं त्याने हिरवं बटण दाबलं होतं. वीज कुठून येते ते बघायला कारखान्यात दुसरा माणूस होता. फेलिशिया इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिला त्याची दयाही आली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक वडा वाढला.

निघताना रिटाने आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली. घरी ती काही केल्या उघडेना. आल्बर्ट बरणी घेऊन गॅरेजमध्ये गेला. लेथच्या चकमध्ये, म्हणजे तिच्या पोलादी जबड्यात, झाकण घट्ट पकडलं आणि बरणी हाताने फिरवली. टक्!

सुईपासून रेल्वेच्या चाकापर्यंत काहीही बनवणाऱ्या वर्कशॉपमधलं हे पहिलं काम. त्यानंतर दुसरं अजून आलेलं नाही. भगदाडातून पावसाचे शिंतोडे येतात म्हणून लेथवर सध्या गाडीचं कव्हर आहे, आणि पुढून वाट नसल्याने गाडी बाहेर भिजते आहे!