विम्यातलं आइसक्रीम

शीतघराचं दार उघडून कुणी जरा जास्त वेळ उभं राहिलं, की दाजींच्या छातीत कळ यायची. दार उघडं म्हणजे थंडी बाहेर, थंडी बाहेर म्हणजे मशिन चालू, आणि मशिन चालू म्हणजे विजेचं मीटर गरगर फिरतंय, हे सगळं त्यांना बसल्या जागी दिसायचं. आइसक्रीमचा त्यांचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाला बांधलेल्या दोन खोल्या. एकीत त्यांची बायको दूध आटवायची, दुसरीत शीतघर होतं. बायकोचा धाकटा भाऊ तिला ताई आणि यांना दाजी म्हणे. त्याचं ऐकून गिऱ्हाइकांनीही तीच नावं उचलली होती.

वीज वाचवण्याच्या नादात दाजींनी शीतघराला नियमांनी जखडून टाकलं होतं. दाराला अशी कडक स्प्रिंग, की आत गेलेल्या माणसाच्या पाठीत ते धपकन बसे. आत दिवा नाही, कारण दिवा तापतो आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. तेव्हा माल काढायचा तो अंधारात चाचपडत. आणि सगळ्यात कडक नियम हा, की शीतघर कधी रिकामं ठेवायचं नाही. गच्च भरलेलं शीतघर थंडी धरून ठेवतं, असं त्यांना एका मेकॅनिकने सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांना आतली रिकामी फळी बघवत नसे.

पुदिन्याचे डबे राहिले ते या नियमापायी. ताईंनी एकदा नवा प्रकार करून बघायचा म्हणून पुदिन्याचा अर्क घातला, आणि चमच्याऐवजी वाटी उपडी झाली. दिसायला आइसक्रीम व्हॅनिलासारखंच पांढरंशुभ्र, पण चव पाठदुखीच्या मलमाची. एक घास खाल्ला की कानांतून वारं वाहायचं. ताई म्हणाल्या, फेकून देऊ. दाजी म्हणाले, "फेकायचं कशाला? जागा तर भरतेय ना." मग ते डबे कोपऱ्यातल्या फळीवर जाऊन बसले.

अशात एका मोठ्या हॉटेलवाल्याने आपल्या वडिलांच्या वाढदिवसासाठी व्हॅनिला मागवलं. आवडलं तर कायमचं तुमच्याकडूनच घेऊ, असंही तो म्हणाला. हॉटेल लांब होतं आणि दिवस उन्हाळ्याचे. दाजींनी भाड्याने थंड पेटीचा ट्रक ठरवला, पेटीच्या फटी स्वतः बसून बुजवल्या, दाराचं रबर बदलून घेतलं. ही बातमी लागताच मेहुणा हजर झाला. तो नुकताच विम्याच्या धंद्यात शिरला होता आणि नातेवाईक त्याला पाहून रस्ता बदलू लागले होते. वाटेत थंडीचं मशिन बंद पडून माल वितळला तर पूर्ण भरपाई, असं त्याने दाजींना समजावलं. दाजी तयार नव्हते. पण ताईंनी भावाकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि विमा उतरला.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी ताईंनी ड्रायव्हरकडून माल भरून घेतला, ट्रक निघाल्यावर शीतघरात थोडी आवराआवर केली आणि त्या बहिणीकडे गेल्या. दाजी बँकेतून परतले ते सवयीने सरळ शीतघरात शिरले. दार पाठीत बसलं. त्यांनी अंधारात समोरच्या फळीवर हात फिरवला, तर फळी डब्यांनी भरलेली. त्यांनी घाईघाईने कोपऱ्यातली फळी चाचपली, तर ती रिकामी.

समोरची फळी व्हॅनिलाची, कोपऱ्यातली पुदिन्याची. म्हणजे व्हॅनिला घरात आणि मलम हॉटेलच्या वाटेवर. आतल्या त्या थंडीत दाजींना दरदरून घाम फुटला. एखादा डबा बाहेर नेऊन उघडावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. गार झालेला डबा विनाकारण बाहेर नेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

ट्रक परत बोलवावा म्हणून त्यांनी फोन काढला, तोच ड्रायव्हरचा फोन आला. तो रडवेल्या आवाजात सांगत होता की इंजिनाचा पट्टा तुटलाय, थंडीचं मशिन बंद आहे, ट्रक उन्हात उभा आहे आणि सावलीला झाडसुद्धा नाही.

दाजींनी डोळे मिटले. आयुष्यात त्यांना इतकी गोड बातमी कधी मिळाली नव्हती. माल वितळणार, हॉटेलवाला हळहळणार, भरपाई मिळणार, आणि पुदिन्याचं नाव जगात कुणाला कळणार नाही.

"घाई करू नको," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आधी चहा घे."

मग त्यांनी भरपाईसाठी मेहुण्याला फोनवर कळवलं. मेहुण्याचा हा पहिलाच मालाचा विमा. पहिल्याच दिवशी भरपाईचा अर्ज गेला तर साहेब उभा जाळील, हे त्याला दिसत होतं. तेव्हा तडक एका मेकॅनिकला स्कूटरवर मागे बसवून तो निघाला. दाजींनी त्याला फोनवर परोपरीने अडवलं. ऊन फार आहे, तुला पित्ताचा त्रास, काय व्हायचं ते होऊ दे, असं सगळं सांगून पाहिलं.

मेहुणा भारावला. "दाजी, मालापेक्षा तुम्हाला माझी काळजी. आता तर मी तुमचं आइसक्रीम वाचवणारच."

आणि त्याने ते वाचवलं. भर उन्हात ट्रकखाली आडवा होऊन त्याने मेकॅनिकला पाने दिले, कुठूनशी पोती मिळवली, ती भिजवून पेटीवर टाकली. दुपार कलताना त्याचा फोन आला. पट्टा बसला होता आणि ट्रक हॉटेलकडे निघाला होता. "माल दगडासारखा आहे, दाजी. पेटीच्या फटी अशा बुजवल्यात तुम्ही, की एक थेंब बाहेर नाही. मानलं तुम्हाला."

 दाजींच्या डोळ्यांसमोर हॉटेलवाल्याचे म्हातारे वडील आले. वाढदिवसाची पंगत, सगळे त्यांच्याकडे बघताहेत, आणि इतकी वर्षं पाठीला लावलेलं मलम ते चमच्याने तोंडात घालताहेत. ताईंना फोन करावा तर 'तरी मी फेकून द्या म्हणत होते' हे ऐकावं लागणार.  मग मनाचा हिय्या करून त्यांनी हॉटेलवाल्याचा नंबर लावला.

"माल पोचेल आत्ता," ते म्हणाले. "पण वाढू नका. खराब आहे."

"वितळलंय का?"

"नाही. चवच खराब आहे. चूक माझी आहे."

 हॉटेलवाल्याने नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. दाजींना वाटलं, गेलं हॉटेल. पण छातीवरचा धोंडाही उतरला होता.

संध्याकाळी ताई आल्या. दाजींनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी चहा घे म्हटल्यासकट.  शीतघरातून ताईंनी समोरच्या फळीवरचा एक डबा आणला आणि दाजींपुढे उघडला. आत स्वच्छ पाण्याचा बर्फ होता.

"पुदिना मी परवाच मोरीत ओतला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून तिथे एक झुरळ फिरकलेलं नाही. व्हॅनिला गेल्यावर समोरची फळी रिकामी लागली तर तुम्हाला जेवण जायचं नाही, म्हणून त्याच डब्यांत पाणी भरून ठेवलं आणि आज सकाळी ते समोर मांडले."

दाजींनी बर्फाला बोट लावून पाहिलं. म्हणजे व्हॅनिलाच गेलं होतं. उत्तम, घट्ट, उन्हातून सुखरूप पार पडलेलं व्हॅनिला, आणि त्याची बदनामी त्यांनी स्वतःच्या तोंडाने केली होती. तेवढ्यात ग्रीसने माखलेला मेहुणा विजयी मुद्रेने आला. सगळं ऐकल्यावर त्याची मुद्रा उतरली. आग, अपघात, चोरी, सगळं धरलं होतं, तो पुटपुटला; मालकच मालावर उलटला तर काय, हे कुणाला सुचलं नव्हतं.

कुणी जेवणाचं नाव काढत नव्हतं, तेव्हा हॉटेलवाल्याचा फोन आला. दाजींनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"खराब म्हणजे किती खराब ते बघावं म्हणून एक चमचा घेतला," हॉटेलवाला सांगत होता. "मग वडिलांनी घेतला. मग डबे कसे संपले ते कळलं नाही. अहो, असला माल जर तुम्ही खराब म्हणून वाढू नका म्हणता, तर तुमचा चांगला माल कसा असेल? मला उद्यापासून तो पाठवा. रोज."

फोन बंद झाला. मेहुण्याने मोठा श्वास सोडला आणि लगेच, रोजच्या मालाला वर्षाचा एकच विमा कसा सोयीचा पडतो, ते सांगायला लागला. दाजींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अगं, पण याच्याहून चांगला माल आपल्याकडे आहेच कुठे," ते म्हणाले. "हाच तर आपला चांगला. त्याला सांगून टाकतो, की गैरसमज झाला."

त्यांनी पुन्हा फोन हातात घेतला. ताईंनी तो हळूच काढून घेतला आणि फडताळावर ठेवला.

"आज एकदा खरं बोलायला गेलात," त्या म्हणाल्या, "तेवढं पुरे."