पहिल्या हाकेला ओ

"मला हाक मारण्यासाठी कृपया एक शब्द निवडा आणि तो तीनदा उच्चारा," डबा म्हणाला.

डबा म्हणजे चष्मेवाल्याने घरात आणलेलं नवं यंत्र. आकार साखरेच्या डब्याएवढा, आवाज एखाद्या मोठ्या साहेबाचा. घरातले दिवे, पंखे, कपडे धुण्याचं यंत्र आणि बाहेरच्या दाराचं कुलूप, सगळं आता त्याच्या ताब्यात जाणार होतं. शब्द असा हवा की जो घरात कुणी उगाच बोलत नाही, असं पुस्तिकेत ठळक छापलेलं होतं. चष्मेवाल्याच्या मनात आधी 'महाराज' आलं, मग 'सेनापती'. दोन्हींत डावं-उजवं करत तो बसला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली.

"अहो."

तो विचारात होता.

"अहो."

तो अजून विचारातच होता.

"अहो, ऐकताय ना?"

"शब्द नोंदवला," डबा म्हणाला. "अहो. धन्यवाद. शब्द बदलायचा असल्यास खोक्याच्या तळाशी छापलेला सोळा आकडी क्रमांक वाचून दाखवा."

खोकं दुपारीच घराबाहेर गेलं होतं. एरवी महिनोन् महिने घरात पडून राहणारी खोकी नेमकी अशा वेळी कशी तत्परतेने नाहीशी होतात, हे एक कोडंच आहे. "ते होय? दिलं ना मी," एवढंच बायको म्हणाली, आणि कुणाला दिलं हे विचारायचं चष्मेवाल्याला सुचलं नाही.

आता या हाकेबद्दल थोडं सांगायला हवं. या घरात एका हाकेला ओ देण्याची पद्धत नव्हती. पहिली हाक वाऱ्यावर जायची, दुसरीला चष्मेवाला "हं" म्हणायचा, तिसरीला मान वर करायचा. धंदा डोळ्यांचा, पण कानाडोळा करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बायको शाळेत शिकवायची, सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. छत्तीस वर्षं वर्गात पहिल्या हाकेला साठ मुलं गप्प बसवणारी ही बाई घरी आली की एका माणसाला तीनदा हाका मारत होती.

आणि आता काय झालं, तर पहिल्याच हाकेला घरातून उत्तर यायला लागलं.

"अहो."

"बोला," डबा म्हणायचा.

बाई पहिल्यांदा दचकल्या. मग त्यांनी जपून सांगितलं, "तो पंखा जरा कमी करा." पंखा कमी झाला. बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"बघ, कसं चटकन ऐकतो," चष्मेवाला अभिमानाने म्हणाला.

"बघतेय ना. यजमान असावा तर असा."

अडचण एवढीच होती, की डबा चष्मेवाल्याचं ऐकत नव्हता. त्याने बाईंचा शब्द घेतला होता तो हेलासकट. चष्मेवाला "अहो" म्हणाला की ते रस्त्यात कुणाचा धक्का लागल्यावर म्हणतात तसं यायचं, आणि डबा ढिम्म. त्यामुळे स्वतः विकत आणलेला दिवा लावायला त्याला बायकोची मनधरणी करावी लागायची.

"अगं, त्याला सांग ना दिवा लाव म्हणून."

"बटण तुमच्या डोक्यामागेच आहे," बाई म्हणायच्या.

"मग हे आणलं कशाला?"

"तेच मी विचारत होते. गेल्या आठवड्यात, तीनदा."

हळूहळू मात्र चष्मेवाल्याला या व्यवस्थेचं सुख कळायला लागलं. पूर्वी तिसऱ्या हाकेला मान वर करावी लागायची, आता तेवढेही कष्ट उरले नाहीत. "अहो" ऐकू आलं की दुसरं कुणीतरी "बोला" म्हणायचं आणि तो निवांतपणे बोलणाऱ्या वजनकाट्याची पुस्तिका वाचत राहायचा. ही सवय इतकी अंगवळणी पडली, की दुकानातसुद्धा गिऱ्हाईक "अहो, चष्मेवाले" म्हणालं की हा कुणीतरी ओ देईल म्हणून वाट बघत बसायचा. एक म्हातारबाबा पाच मिनिटं काउंटरपाशी उभे राहून शेवटी म्हणाले, "डोळ्यांचं जाऊ द्या, आधी कानाचं कुणाला तरी दाखवा."

डब्याला आणखी एक खोड होती. हुकूम असेल तर तो पाळायचा. पण नुसतंच काही सांगितलं, की त्यातलं काय करायचं हे त्याला कळायचं नाही, आणि तो म्हणायचा, "नोंद केली." बाईंना नुसतं सांगण्यासारखं बरंच असायचं. त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या, बाहेरून पुरुषी आवाज यायचा, "नोंद केली," आणि सांगितलेलं पोचलं असं त्यांना वाटायचं. निदान सुरुवातीला तरी वाटायचं.

बाई या महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायचं म्हणून त्यांनी भाषण लिहायला घेतलं होतं. पहिला खर्डा चार पानांचा होता, शेवटचा अकरा. भाषण वाढलं नव्हतं, अक्षर वाढलं होतं. बाईंची चाळिशी नऊ वर्षं जुनी, एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तिच्यातून आता जवळचं काही दिसत नव्हतं. भाषणात बरोबर काम केलेल्या त्रेचाळीस माणसांची नावं होती. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत, एकही गाळायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. नावं पाठ होत नव्हती आणि वाचता येत नव्हती. नवरा अख्ख्या गावाला चष्मे लावत होता.

शनिवारी सकाळी बाई लवकर निघाल्या. जाताना दारात थांबल्या.

"मी पुढे जाते. तुम्ही येताय ना?"

या वाक्यात 'अहो' नव्हतं, त्यामुळे डबा बोलला नाही. चष्मेवाला नव्या वजनकाट्यावर उभा होता आणि काटा त्याला न विचारताच अपमानकारक आकडे मोठ्याने सांगत होता.

"हं," तो काट्याला म्हणाला.

बाई गेल्या. दहा वाजता चष्मेवाला दुकानात जायला निघाला, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरत होत्या. काकूंचा आवाज असा, की त्यांना फोन घ्यायची गरजच नव्हती. जिन्याच्या मध्यावर थांबून त्यांनी आपल्या यजमानांना वर ओरडून सांगितलं, "अहो, दार लावून घ्या, आणि मी येईपर्यंत कुणालाही उघडू नका."

काकूंचा 'अहो' हेलाने अगदी बाईंच्या 'अहो'सारखा होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"बोला. दार लावलं," डबा म्हणाला. "आपण येईपर्यंत कुणालाही उघडणार नाही."

कुलूप खट्कन बसलं आणि चष्मेवाला आतच अडकला. जुनी कडी चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने उपटून काढली होती, कारण नव्या कुलपाशेजारी ती गावठी दिसत होती. जादा किल्ली दुकानात सुरक्षित होती. बाईंचा फोन बंद लागत होता. काकू जिना उतरून दिसेनाशा झाल्या होत्या, आणि काकूंचे यजमान दार लावून घेतल्यावर कुणाच्याही हाकेला ओ देणाऱ्यांपैकी नव्हते.

"अहो," चष्मेवाला डब्याला म्हणाला. डबा गप्प.

त्याने चढ्या आवाजात म्हणून पाहिलं. मग गयावया करून. मग आवाज बारीक करून, तेव्हा तर वजनकाटासुद्धा चमत्कारिक शांत झाला. प्रत्येक वेळी शब्द तोच होता, पण चाल चुकत होती. बायको म्हणते ती चाल कुठली? 'अ' लांब असतो की 'हो'? आवाज शेवटी वर जातो की खाली येतो? तीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा कानावर पडलेली हाक, आणि ती आठवेना. गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा नंबर तो नुसत्या चालण्यावरून सांगायचा. चष्मेवाला खुर्चीत बसला. त्याला स्वतःचं जरा नवल वाटलं, आणि मग नवलाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली.

त्याने डोळे मिटले. बाई ओट्यापाशी उभ्या आहेत, हात ओले आहेत, पाठ इकडे आहे. हाक मारताना त्या मान वळवतात, पूर्ण नाही, अर्धी. 'अ' वर थोडं थांबतात, माणूस जागेवर आहे ना एवढं बघण्यापुरतं. आणि 'हो' अगदी हळू सोडतात, ओ नाही आली तरी वाईट वाटू नये म्हणून.

"अहो," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"बोला."

"दार उघडा."

"मी येईपर्यंत कुणालाही उघडू नका, अशी सूचना आहे."

"कुणाची सूचना? वाच बघू."

"सगळ्या सूचना आणि नोंदी वाचू?"

"वाच."

"नोंद एक. माझ्या चाळिशीचं बघा ना जरा," डबा साहेबी आवाजात वाचायला लागला. "नोंद दोन. चाळिशीची काडी तुटली. नोंद पाच. दोरा बांधलाय, चालेल तेवढे दिवस. नोंद नऊ. आज वर्गात हजेरी घेताना मुलं हसली, मी चुकीची नावं वाचली. नोंद चौदा. नावं चुकली तर लोक काय म्हणतील हो. नोंद सतरा. शनिवारी अकराला निरोपाचा कार्यक्रम आहे, तुम्ही आलात तर बरं वाटेल. नोंद बावीस. उद्या शनिवार आहे. नोंद तेवीस. जाऊ दे, काही नाही."

चष्मेवाल्याला लाज वाटली. साधी नाही, कान गरम होतात तसली.

"सूचना चोवीस," डबा पुढे म्हणाला. "दार लावून घ्या."

"ती रद्द करा."

कुलूप उघडलं. "बाकीच्या तेवीस नोंदींचं काय करू?" डब्याने विचारलं.

"त्या माझ्याकडे दे," असं म्हणत चष्मेवाला जिना उतरायलासुद्धा लागला होता.

सवादहा झाले होते. पाऊण तासात चष्मा तयार होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने दुकान उघडलं, गावातल्या सगळ्यांचे नंबर असलेली वही चाळली. बायकोचा नंबर होता, नऊ वर्षांपूर्वीचा. वही मिटून त्याने भिंगांची पेटी काखेत मारली, आणि नंबर काढताना लोकांच्या नाकावर चढवतात ती जड, गोल, लोखंडी फ्रेम खिशात कोंबली. या फ्रेममध्ये भिंगं बदलून बदलून बसवता येतात. ती घातलेला माणूस घुबडासारखा दिसतो, पण त्याला दिसतं.

सभागृहात बाई उभ्या होत्या. अकरा पानं हातात, हात जितका लांब जाईल तितका लांब. मुख्याध्यापक शेजारी होते आणि साठ-सत्तर माणसं समोर. बाई पहिल्या ओळीवरच अडकल्या होत्या. मागच्या रांगेत खोकल्याची साथ पसरायला लागली होती, तेवढ्यात चष्मेवाला मधल्या वाटेने धापा टाकत थेट वर गेला.

"अहो, तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"बोला," चष्मेवाला म्हणाला.

आणि बाई काही बोलायच्या आत त्याने ती लोखंडी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, दोऱ्याची चाळिशी स्वतःच्या खिशात टाकली आणि पेटी मुख्याध्यापकांच्या हातात दिली. "जरा धरता का? सरळ धरा, भिंगं सांडतील." मुख्याध्यापकांनी सरळ धरली.

"हे बरं की हे?"

"लोक बघतायत," बाई दबल्या आवाजात म्हणाल्या.

"बघू दे. हे बरं की आधीचं?"

"आधीचं."

"आणि आता?"

"थोडं अजून. हां. थांबा, हेच."

"डावा झाका. आता उजवा. वाचा."

बाईंनी कागद जवळ आणला. हात दुमडले गेले आणि पानं पहिल्यांदाच छातीपाशी आली. दिसत होतं. इतकं स्वच्छ दिसत होतं, की पुढे काय लिहिलंय याचं भान न राहता त्यांनी पहिलं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं:

"माझे यजमान कामात असल्यामुळे आज येऊ शकले नाहीत, त्यांच्या वतीने मी आपली क्षमा मागते."

सगळं सभागृह हसायला लागलं. मुख्याध्यापक हसले, तेव्हा पेटीतली भिंगं किणकिणली. बाईसुद्धा हसल्या. चष्मेवाला मात्र फार हसला नाही. हे वाक्य पहिल्या खर्ड्यातलं होतं, चार पानांच्या, म्हणजे महिन्याभरापूर्वी लिहिलेलं. तो पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नावं त्याने मान वर करून ऐकली.

संध्याकाळी बाई शाळेतलं कपाट रिकामं करून घरी आल्या. खडूंचे तुकडे, पट्ट्या, मुलांनी दिलेली चित्रं, असा सगळा संसार एका खोक्यात भरलेला होता. चष्मेवाल्याने खोकं ओळखलं.

"हे डब्याचं खोकं. तू तर दिलंस म्हणालीस."

"दिलंच होतं. वर्गाला, खडू ठेवायला."

"अगं, मी याच्यासाठी कंपनीला सात फोन केले. तळाशी तो क्रमांक आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "मला कुठे तेवढं बारीक दिसत होतं?" बोलताना त्या दुसरीकडे बघत होत्या, त्यामुळे यात किती खरं होतं ते चष्मेवाल्याला काही कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी खडू उपसले, लोखंडी फ्रेम नाकावर चढवली आणि तळाशी छापलेले सोळा आकडे न अडखळता वाचून दाखवले. चष्मेवाला आत टेबलावर वही उघडून नव्या चष्म्याचा नंबर मांडत होता.

"क्रमांक बरोबर आहे," डबा म्हणाला. "जुना शब्द काढून टाकला. कृपया नवा शब्द निवडा आणि तो तीनदा उच्चारा."

बाई विचार करायला लागल्या. शब्द असा हवा, की जो घरात कुणी उगाच बोलत नाही.

"अगं," आतून चष्मेवाल्याने हाक मारली. "फ्रेम काळी करू की तपकिरी?"

बाई विचारात होत्या.

"अगं."

बाई अजून विचारातच होत्या.

"अगं, ऐकतेस ना?"

"शब्द नोंदवला," डबा म्हणाला. "अगं. धन्यवाद."

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. मग ते उचललं, खिडकीतून खाली वाकल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

तेव्हापासून चष्मेवाल्याला बायकोला काही सांगायचं असलं, की हाक मारून भागत नाही. उठून तिच्यापाशी जावं लागतं.