ढवळे तात्यांची ट्रॅकपँट

आमचे ढवळे तात्या मयतीलासुद्धा ट्रॅकपँट घालून जातात. लग्नाला, बँकेत, देवळात, झेंडावंदनाला, सगळीकडं तीच. निळी, बाजूला दोन पांढरे पट्टे. वर मात्र पांढराशुभ्र फुल शर्ट आणि डोक्यावर टोपी. म्हणजे कमरेच्या वर हेडक्लार्क आणि कमरेच्या खाली खो-खोचा गडी. कुणी टोकलं की एकच शब्द, "सुटसुटीत!"

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आख्खं धाराशिव आता ट्रॅकपँटवर आलंय. खरंय बाबा. ज्या दुकानात सूटिंगचे तागे असायचे, तिथं दारातच ट्रॅकपँटा लोंबतात. आमच्या गल्लीतला टेलर आता त्यांचे पाय आखूड करून देण्यापुरताच उरलाय. बायका काठापदराच्या साडीखाली पळायचे बूट घालून हळदीकुंकवाला येतात. पळत मात्र कुणीच नाही. सगळं गाव पळायच्या कपड्यात बसून आहे. मीही घरात तीच घालतो, खोटं कशाला बोलू.

पण तात्यांनी घालावी? मी बावीस वर्षं सरकारी कचेरीत त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्या पँटची घडी अशी असायची की वाटे, हिच्यावर लिंबू कापता येईल. खुर्चीवर बसण्याआधी दोन्ही गुडघ्यांवर पँट चिमटीत धरून जरा वर ओढायची आणि मगच टेकायचं. एकदा कामासाठी आम्ही एसटीनं परंड्याला निघालो. बार्शीला गाडी रिकामी झाली, तरी तात्या दांडी धरून उभेच. मी म्हणालो, "साहेब, बसा की." तर म्हणाले, "न्हाय. घडी मोडंल." परंडा येईपर्यंत उभे! मी बसून घामाघूम, ते उभे राहून टवटवीत.

ती इस्त्री घरची. तात्यांच्या बायकोच्या, शकूकाकूंच्या हातची. लाँड्रीला कपडे द्यायचं काकूंना मंजूरच नव्हतं. "परक्या माणसाला ह्यांचा गुडघा कुठं येतो ते काय कळणार?" असं त्या म्हणायच्या.

मग तात्या रिटायर झाले. त्याच साली काकूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं जड झालं, उजवा हात लुळा पडला. त्या धावपळीत तात्यांनी ट्रॅकपँट कधी चढवली, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तोवर त्यांचं "सुटसुटीत" सुरू झालं होतं. चिमटीची सवय मात्र गेली नाही. ट्रॅकपँटसुद्धा गुडघ्यावर चिमटीत धरून, वर ओढून मग बसायचे. आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो.

ते हसू वैशालीच्या लग्नापायी आटलं. वैशाली म्हणजे तात्यांची एकुलती एक लेक. फार्मसी शिकलेली, गुणाची पोर. पहिलं स्थळ आलं तेव्हा तात्या स्वागताला फाटकात उभे. पाहुणे उतरले आणि त्यांनी गाडीची किल्ली तात्यांच्या हातात दिली, "जरा सावलीला लावा हो." आत आल्यावर कळलं की हेच मुलीचे वडील. ते लोक जे ओशाळून गेले, ते गेलेच.

दुसरं स्थळ मी आणलं, ईट गावचं. मुलगा चांगला, नोकरीवाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. रविवारी अकराला सुपारी फोडायची ठरली. पण मुलाचे वडील अंकुशराव म्हणजे धोतर-फेट्यातला माणूस, मानपानाला लई कडक. आणि मध्यस्थ कोण? मी! वैशालीनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "काका, हे मोडलं तर मी परत कुणापुढं पोहे घेऊन जाणार न्हाय." डोळे भरले होते पोरीचे.

"तू काळजी करू नको. तात्यांच्या पँटचं मी बघतो," मी म्हणालो.

 "त्यावरून त्यांना बोलू नका, काका." एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. मला असा राग आला! बाप तसा आणि लेकही तशीच.

शनिवारी मी माझी स्वतःची पँट पिशवीत घालून तात्यांकडं गेलो. "तात्या, उद्या एक दिवस. हात जोडतो."

"हळू बोला," आतल्या पडद्याकडं बघत ते म्हणाले.

"अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. पँट..."

"तो शब्द ह्या घरात काढायचा न्हाय!" तात्या जसे फणकारले, तसे बावीस वर्षांत कधी फणकारले नव्हते. पिशवीसकट मला फाटकापर्यंत पोचवलं. म्हाताऱ्याला वेड लागलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. जेवण गोड लागलं नाही.

रविवारी अकराच्या ठोक्याला ईटच्या दोन जीपा दारात. नवरा मुलगा स्वतः घोट्याशी आवळलेली जॉगर आणि पांढरे बूट घालून आलेला. पण पोरांचं सगळं चालतं. सतरंजीवर माणसं बसली. अंकुशरावांना लोड दिला. आणि आतून तात्या आले. निळी. दोन पांढरे पट्टे. गुडघ्यावर चिमूट, आणि बसले.



आता आमच्याकडची एक रीत सांगतो. सोयरीक नको असली तर तोंडानं 'नाही' म्हणायचं नसतं. चहा उशिरा आणायचा, घरच्या कर्त्यानं मळक्या कपड्यात बसायचं, की समोरच्यानं काय ते समजून उठायचं. अंकुशरावांनी तात्यांकडं नखशिखांत पाहिलं. हातातला अडकित्ता बंद केला. 

"पाव्हणं," अंकुशराव म्हणाले, "पोरगी द्यायची नसंल तर सांगा की तोंडानं. कापडानं कशाला सांगताय?"

"तसं न्हाय हो," तात्या म्हणाले. "मला डॉक्टरनं सांगितलंय, सैल घाला म्हणून."

"कंच्या डॉक्टरनं?"

 तात्या बघत होते ते पडद्याकडंच. अंकुशरावांच्या मागची दोन माणसं पटके सावरत गुडघ्यावर उठलीसुद्धा. नवरा मुलगा तांबडालाल. मी धडपडत म्हणालो, "बसा बसा! चहा घेतल्याबिगर उठाल तर आम्हाला पाप लागंल." आणि तडक आत गेलो. ठरवलंच होतं, ह्या माणसाची पँट हुडकायची आणि त्याच्या अंगावर फेकायची.

आत वैशालीनं लोखंडी पेटी उघडलेलीच होती. पेटीत तात्यांच्या सगळ्या पँटा, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या. शेजारी घोंगडीवर इस्त्री तापत ठेवलेली.

"काका, आई ऐकंना," वैशाली रडत म्हणाली. मग तिनं काकूंच्या उजव्या हातावरचा पदर सारला. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग, इस्त्रीच्या टोकाएवढा. "आजारातनं उठली की पहिल्यांदा पप्पांची पँट घेतली. उजव्या हाताला समजत न्हाय ना. इस्त्री हातावर टेकली तरी कळलं न्हाय. वास आला तेव्हा पप्पा धावले. दुसऱ्या दिवशी बाजारातनं ही ट्रॅकपँट आणली. म्हणाले, हिला इस्त्री लागत न्हाय, मला हीच आवडती. घरात पँट दिसली की आई उठती, म्हणून पेटीला कुलूप. आम्हाला शपथ घातली कुणाला सांगायचं न्हाय म्हणून."

मी शनिवारी आणलेली ती पिशवी मला आठवली. शरमेनं मान वर होईना.

काकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "त्यान्ला वाटतं... मला कळत न्हाय. मला... पहिल्या दिवशीच कळलं. बोलवा त्यान्ला."

मी पडदा सारून तात्यांना खूण केली. ते आत आले, इस्त्री बघितली आणि जागीच थबकले. "शकू, नको," म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"लेकीची सुपारी हाय," काकू म्हणाल्या. "बसा."

तात्या बसले. काकूंनी इस्त्री डाव्या हातात घेतली. तात्यांनी त्यांच्या लुळ्या हातावर आपला तळवा पालथा घालून ठेवला. इस्त्री घसरलीच, तर आधी आपला हात भाजावा म्हणून. वैशालीनं कापड ताणून धरलं. बाहेर कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी "चला" म्हणत होतं, आणि इथं ही इस्त्री मुंगीच्या पावलानं चाललेली.  बाहेर जाऊन अंकुशरावांना धरून ठेवावं, का इथं थांबावं? मी थांबलो. 

तात्या बाहेर आले तेव्हा अंकुशराव फेटा सावरत उभे राहण्याच्या बेतात होते. चहा तसाच, साय धरलेला. त्यांनी तात्यांची पँट पाहिली. करडी पँट. डाव्या पायाला दोन घड्या, उजव्या पायाची घडी गुडघ्यापासून वाकडी होऊन शिवणीकडं निघून गेलेली.

"ही इस्त्री कुणी केली हो?" मागचा एकजण फिसकन हसला.

"आमच्या हिनं," तात्या म्हणाले. "डाव्या हातानं."

काकूंचं आजारपण ईटवाल्यांना मी आधीच सांगितलेलं होतं. अंकुशरावांनी त्या हसणाऱ्याकडं असं पाहिलं, की तो खाली बघायला लागला. मग त्यांनी सायीसकट कप उचलला आणि एका घोटात संपवला. 

"बसा की पाव्हणं. सुपारी फोडू," ते म्हणाले.

तात्या उभेच. "न्हाय. घडी मोडंल."

 अंकुशराव लोडाला रेटा देऊन स्वतःच उठले, आणि दोघा व्याह्यांनी उभ्या उभ्या सुपारी फोडली. त्यांच्याबरोबर सगळी बैठक उभी. पडदा दोन बोटं सरकलेला होता. तिकडं मी मुद्दाम पाहिलं नाही.

आता तात्या सोमवार ते शनिवार निळ्या ट्रॅकपँटमध्येच असतात. विचारलं तर "सुटसुटीत" म्हणतात. रविवारी मात्र करडी पँट. घडी अजून वाकडीच येते, पण एका पायाला एकच. ती घालून तात्या गल्लीतून दोन चकरा मारतात, माझ्या दारात थांबतात, उभ्यानं चहा घेतात. मी खुर्ची द्यायचं सोडून दिलंय.