भिवाची माळ आणि कंपालाचं तिकीट

सुई टोचून घ्यायची नाही म्हणजे नाही, असं भिवाने ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

लेक निशाने आफ्रिकेतल्या कंपालाहून दोन तिकिटं पाठवली होती. पंधरा दिवसांनी विमान. वर्षभराची नात भिवाने अजून फोनवरच बघितलेली. पण तिथे जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यायची, कार्ड दाखवायचं. नाहीतर विमानात चढू देत नाहीत.

"पिवळा ताप म्हणजे कावीळच!" भिवा कडाडला. "काविळीला सुई? आमच्या सात पिढ्या माळेने बऱ्या झाल्यात!"

"अहो, हा डासाने होतो म्हणतात," बायको जया म्हणाली.

"अर्धा जन्म मिठागरात गेला माझा. मला चावून डास मेलेत!"

तो डोंबिवलीजवळच्या कोपरहून तडक कळव्याला गेला. तिथला शिवराम काविळीची माळ देतो. काड्यांची, डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ सैल होत गळ्यात येते.

"पण भिवा, तुला झालीय कुठं?"

"व्हायच्या आधीच उतरव. झाल्यावर काय, कोणीही धावतो."

(शिवरामने असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नव्हतं. पण आलेलं गिऱ्हाईक सोडतो कोण?)

नऊ दिवस माळ डोक्यावर. आंघोळ मानेखालीच. उतरायला रोगच नव्हता, माळ हलेल कशाला? नाक्यावरची पोरं विचारायची, "काका, लग्न कोणाचं?"

शेवटी जयाने त्याला लसकेंद्रात ओढत नेलं.

"काका, कावीळ वेगळी, हा ताप वेगळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्याकडे हा नाहीच."

"मग झालं तर!"

"पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे. तुम्ही तिकडून ताप आणलात आणि इथला डास तुम्हाला चावला, तर तो सगळ्या डोंबिवलीला वाटत सुटेल."

भिवा ताडकन उठला. "म्हणजे माझ्यामुळे डास बिघडणार? साठ वर्षं माझं रक्त प्यायले, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता सरकार डासांना माझ्यापासून वाचवतंय?"

"तसंच समजा. बाही वर करा."

वय बघून त्यांनी आधी नीट तपासलं, मग टोचलं. कार्ड देत म्हणाल्या, "हे दहा दिवसांनी लागू होईल."

"विमान सहा दिवसांवर आलंय!" भिवा जयावर उखडला. "बघ! हुकलं दोघांचं!"

जयाने पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं. "माझं होतंय वेळेत. तुम्ही कळव्याला गेलात त्याच दिवशी मी इथे आलेले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर मलाही माळ घातली असती तुम्ही."

जया एकटी गेली. भिवाचं तिकीट आठवडाभर पुढे ढकललं. ती पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. "हाल होत असतील ना गं माझ्याशिवाय?"

"जावई म्हणतात, आई, तुम्हाला एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं." ती जरा घुटमळली. "अहो, ते तिकीट... अजून महिनाभर ढकलतात का, विचारा ना."